शेवटचं अर्धं मिनिट

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच फेकून द्यायचा तुझा विचार असेल, तर थांब. आत एक फॉर्म आहे. त्यावर 'जवळचे नातेवाईक' या रेघेवर तुझी सही हवी आहे. सही कर, परत पाठव, आणि पुढची सव्वीस वर्षं पुन्हा न बोलायला तू मोकळी आहेस. तेवढी मी टिकणार नाही, पण तो माझा प्रश्न.

झालं असं, की जानेवारीत मी पेन्शनच्या ऑफिसात हयातीचा दाखला द्यायला गेले. दरवर्षी जिवंत असल्याचं स्वतः जाऊन सांगावं लागतं, नाहीतर ते मानत नाहीत. खिडकीपाशी पोचले आणि तिथेच खाली बसले. डावा हात माझा राहिला नाही. कारकून वरून वाकून म्हणाला, "बाई, आधी सही तरी करा." मी केली. मगच बेशुद्ध पडले. आपल्या वसतिगृहातल्या मदरनी शिकवलेली शिस्त, मरायच्या आधी काम पुरं करायचं.

तीन रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत. सर्जन म्हणून जो समोर बसला त्याच्या वयाच्या माझ्याकडे चादरी आहेत. म्हणाला, "महिन्याभरात बायपास करून घ्या."

"आणि नाही केली तर?"

"तर मी काही सांगू शकत नाही."

"मग इतकी वर्षं शिकलात कशाला?"

हसला. दात चांगले आहेत त्याचे.

सर्जनपेक्षा वैताग आणते ती त्याच्या शेजारच्या खोलीतली मुलगी. हृदयाच्या पेशंटांच्या मनाचं बघणं हे तिचं काम. तिच्याकडे चार पानांची प्रश्नावली असते आणि पहिल्या पानाच्या डोक्यावर छापलेलं असतं, 'आयुष्याचा दर्जा'. जणू मी बटाटा आहे. गेल्या चार आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं? कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, सतत. भीती वाटते का? मनातलं सांगता येईल असं कुणी आहे का? मी पाच मिनिटांत पेपर सोडवून दिला. तिनं तपासला आणि म्हणाली, "बाई, फार चांगले मार्क पडले तुम्हाला. इतके मार्क निरोगी माणसांनाही पडत नाहीत."

मी म्हटलं, "मी कॉन्व्हेंटची आहे."

तर, सही. यायची अजिबात गरज नाही. माझं सगळं व्यवस्थित आहे.

– मोठी


२१ फेब्रुवारी

धाकटे,

फॉर्म मिळाला. सही मिळाली. सोबत एक ओळ नाही, एक टिंब नाही. पाकीट मी उलटं करून झटकलं, आत बोट फिरवून पाहिलं, कागद उजेडासमोर धरला. वा! मौनव्रतात तुझा हात कुणी धरणार नाही. पण सहीतलं शेवटचं अक्षर अजून तसंच खाली घसरतं. सात वर्षांची होतीस तेव्हापासून मी ते वर ओढते आहे.

त्यावरून शनिवार आठवले. आठवतात तुला? वसतिगृहातला तो लांब हॉल, शाईचे डाग पडलेली बाकं, आणि दर शनिवारी दुपारी घरी लिहायचं पत्र. पाकीट उघडंच द्यायचं. मदर लाल पेन्सिल घेऊन वाचायच्या. तुझ्या पहिल्या शनिवारी तू लिहिलंस, 'आई, मला रोज रडू येतं. मला न्यायला ये.' मदरनी त्यावर आडवी रेघ मारली आणि मला बोलावलं. मी तेरा वर्षांची. म्हणाल्या, "मोठी बहीण आहेस ना? मग हिला पत्र लिहायला शिकव."

मी तुझ्या शेजारी बसले आणि सांगितलं, 'आम्ही मजेत आहोत. अभ्यास छान चालला आहे. बाग फुलली आहे.' बाग! दोन कुंड्या होत्या, एकीत मांजर झोपायचं. तू नाक ओढत ओढत लिहिलंस आणि विचारलंस, "ताई, आईला कळेल का हे खोटं आहे?" मी म्हटलं, "आईला काळजी नको."

तेवढं वाक्य माझ्या तोंडात कायमचं बसलं. मदरनी आपल्याला प्रार्थना, टाके आणि काट्याचमच्यानं जेवणं शिकवलं. पण आयुष्यात सगळ्यात जास्त कामाला आलं ते ठणठणीत असल्याचं पत्र लिहिणं.

त्या प्रश्नावलीवाल्या मुलीनं काल विचारलं, "सही आली ना? मग आता तारीख का पुढे ढकलताय?" मी तिला सांगितलं की घरात गिझरचं काम काढलं आहे. ती म्हणाली, "बाई, मागच्या आठवड्यात रंगारी होते."

"रंगाऱ्यांनीच गिझर बिघडवला," मी म्हटलं.

वस्ताद आहे पोरगी. नुसतं लिहून घेतलं.

– मोठी


६ मार्च

धाकटे,

तू उत्तर देत नाहीस याचा एक फायदा आहे. मला कुणी मध्ये तोडत नाही.

आठवड्यातून तीनदा हृदयवाल्यांचा वर्ग असतो. दहा-बारा जण, तळमजल्यावरचा हॉल, भिंतीला आरसे. हात वर, हात खाली, जागच्या जागी चाला. मला वसतिगृहाची कवायत आठवते, फक्त इथे कुणी रांगेतून पडलं तर खुर्ची देतात. माझ्या शेजारी एक शिंपी असतो. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेला. गडी आडदांड, पण डोळ्यांना नळ लागला आहे. बिस्किटाची जाहिरात पाहून रडतो. परवा हॉलच्या दारात कुत्र्यानं अंग झाडलं, त्यावरही रडला. प्रश्नावलीवाली म्हणते, असं होतं पुष्कळांना, औषधाइतकंच त्याच्याकडे बघावं लागतं. शिंपी म्हणतो, "अहो बाई, शिवण उसवली की आतलं अस्तर दिसणारच."

त्यानं मला डोळ्यांनी मापून पाहिलं आणि विचारलं, "तारीख कधीची?" मी गिझर सांगितला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मीही कोट पुरे करायचे आहेत म्हणून दोन महिने थांबलो होतो. कोट एकच होता. बाई, टेबलावर जायच्या आधी मनातलं एखादं जड सामान कुणाकडे तरी उतरवून या. तिथं टेबल फार अरुंद असतं."

हे सगळं मी तुला का सांगते आहे? कारण घरी येऊन मी आपल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या आठवणींत शिरले आणि बाहेर येता येईना.

तुला पहिल्या दिवशी मीच घेऊन गेले होते. तू एकोणीस वर्षांची. समोर ती भिंतभर भोकं, लाइनी जोडायच्या दोऱ्या, दिवे. कानाला हेडफोन लावून एका ओळीत बसलेल्या चोवीस बायका, बारा जणी एकदम बोलत असायच्या तरी कुणाचं कुणाला अडायचं नाही. तू पहिल्याच ट्रंक कॉलला एका धान्य व्यापाऱ्याची लाइन दातांच्या डॉक्टरला जोडून दिलीस आणि दोघं पाच मिनिटं भावावरून भांडले. मी वर्षभर ते सांगून हसवत होते सगळ्यांना. मिनिटं मोजून लाइन तोडायचे म्हणून मला तेव्हा सगळ्या 'घड्याळबाई' म्हणायच्या, तोंडावर नाही, पण तूच येऊन सांगितलंस.

आणि भिंतीवरची ती पाटी. 'ऐकू येईल. ऐकायचं नाही.' लाइन जिवंत आहे का बघायला क्षणभर ऐकायची चावी पाडायची आणि पुन्हा वर करायची. तेवढ्यात कानावर आलेलं दारापाशी सोडून घरी जायचं. गावातल्या निम्म्या घरांचं बिंग आपल्याला ठाऊक होतं. कोण कुणाला सोडून जाणार, कुणाला कसला आजार. रस्त्यात ती माणसं भेटली की आपण नमस्कार करायचो. या नियमाचा मला जेवढा अभिमान होता तेवढा कशाचाच नव्हता.

मग तुझं लग्न झालं, तू लांब गेलीस. आणि दर रविवारी दुपारी तुझा फोन एक्स्चेंजवर यायचा. घरी फोन नव्हता, म्हणून आई चालत यायची. ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून. मी चिडवायचे, "अगं, ती काय बघणार आहे तुला?" ती म्हणायची, "तिला आवाजावरून कळतं." केबिन नंबर दोन. काचेतून तिची पाठ दिसायची मला. बोलता बोलता ती वायर बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

आज इतकंच. धाप लागते लिहिताना. म्हणजे, बोट दुखतं.

– मोठी


१४ मार्च

धाकटे,

हे पत्र मी तीनदा फाडलं. शिंपी म्हणाला ते जड सामान उतरवते आहे. वाचताना बस.

त्या शेवटच्या रविवारी पुढच्या स्टेशनापाशी रेल्वेचा अपघात झाला होता. सगळ्या लाइनी माणसं शोधणाऱ्यांनी अडवलेल्या. वरून हुकूम होता, घरगुती कॉल तीन मिनिटांवर तोडा, मुदत वाढवू नका. तीन मिनिटं झाली आणि मी तुमची लाइन काढली. मंगळवारी संध्याकाळी आई गेली. तिला अखेरचा निरोप दिला त्या दिवशी तू सगळ्यांदेखत मला म्हणालीस, "तुझ्या घड्याळापायी माझं आणि आईचं शेवटचं बोलणं अर्धं राहिलं." आणि निघून गेलीस. मी म्हटलं, नियम होता.

नियम होता. पण त्या दुपारी चार जणांना मी मुदत वाढवून दिली होती.

अडीच मिनिटांनी मी चावी पाडली, तुम्हाला सावध करायला. दर कॉलला करायचे तसं. आणि आईचा आवाज आला, "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं गं. पण तू मोठीला सांगू नकोस." तू म्हणालीस, "नाही सांगत. पण डॉक्टरकडे जा." आई म्हणाली, "बघू."

चावी वर करायची असते. मी केली नाही. शेवटचं अर्धं मिनिट मी सगळं ऐकलं. आणि मग सावध न करता दोरी उपटली.

का, ते लिहायला मला सव्वीस वर्षं लागली, आणि कारण इतकंसं आहे. मी तिच्याबरोबर राहत होते. तिची औषधं, तिचा चष्मा, तिचं अंघोळीचं पाणी, सगळं मी बघत होते. आणि दुखतं ते ती चारशे मैलांवरच्या तुला सांगत होती, मला सांगू नकोस म्हणून. माझ्याच दोरीतून. मला इतका राग आला, की त्या रागात छाती हा शब्द ऐकूनही ऐकला नाही.

तो राग रात्रीपर्यंत उतरला. मग भीती आली. पण आता सांगू काय? 'मी तुमचं बोलणं ऐकलं'? घड्याळबाईंनी ऐकलं? सोमवारी सकाळी विचारलं, "बरी आहेस ना?" म्हणाली, "ठणठणीत." दुपारी विचारलं, तेच. मंगळवारी कामावर निघताना विचारलं. तिनं मला पायमोजे शोधून दिले आणि म्हणाली, "उगाच डोकं खाऊ नकोस." मी वाट बघत होते, तिनं एकदा सांगावं, की मी तिला उचलून डॉक्टरकडे नेईन. परक्यांच्या बाबतीत वीस वर्षं पाळलेला नियम मी माझ्या आईच्या बाबतीतही पाळला. काय इमानदार बाई!

आणखी एक. तुलाही माहीत होतं. हे मी इतकी वर्षं खिशात दगडासारखं जपून ठेवलं होतं. तू कधी फार बोललीस तर भिरकावायला. तू भेटलीच नाहीस. आता दगड खाली ठेवते. तू तिला शब्द दिला होतास, आणि मी तुला सात वर्षांची असताना शिकवलं होतं, आईला काळजी नको, मोठ्यांना काळजी नको, बाग फुलली आहे.

ऑपरेशनची भीती मला वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. मला ऑपरेशनची भीती वाटतच नाही. मला वाटतं, त्या दोन दिवसांनंतर कुणी माझं हृदय दुरुस्त का करावं?

– ताई


२५ मार्च

धाकटे,

अकरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

उद्या सकाळी भरती होते आहे. परवा ऑपरेशन. प्रश्नावलीवालीकडे गेले आणि म्हटलं, तो पेपर पुन्हा द्या. या वेळी खरा सोडवला. भीती वाटते का? सतत. न्हाणीघराची कडी लावत नाही, आत पडले तर दार फोडावं लागू नये म्हणून. वाचनालयात जाणं सोडलं, कारण तिथं शांतता असते आणि मला माझे ठोके ऐकू येतात. घरात दिवसभर रेडिओ चालू ठेवते, बातम्या कुठल्याही देशाच्या असोत. मनातलं सांगता येईल असं कुणी आहे का? तिथं मी बराच वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, 'होती. तिला सांगितलं आहे. तिचं ती बघेल.' सणसणीत नापास झाले. मुलीचा चेहरा खुलला. विद्यार्थी नापास झाल्यावर इतकी खूश होणारी मास्तरीण मी पहिल्यांदा पाहिली.

"आता तुमच्यावर काम करता येईल," म्हणाली.

घराची किल्ली खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे आहे. हॉस्पिटल स्टेशनसमोरच आहे, तिसरा मजला. भेटायची वेळ चार ते सहा.

पहिल्या पत्रात 'यायची अजिबात गरज नाही' असं लिहिलं होतं. ते वाक्य मी खोडते आहे. तुझ्याकडे ते पत्र असेल तर तूही खोड.

– ताई


२ मे

धाकटे,

पोचल्याचं कळलं. बरं झालं. घर तुझ्या शिस्तीनं इतकं आवरून गेली आहेस की मला माझाच चष्मा सापडत नाही.

समोरासमोर जे नीट बोलता आलं नाही ते लिहिते, नाहीतर शिंप्यासारखं जाहिराती बघून रडावं लागेल.

शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती आणि कुणीतरी नर्सला झापत होतं, "उशी अशी देतात? मान बघा त्यांची!" मला वाटलं, मदर. मग वाटलं, मी गेले, आणि वरतीही मदरच आहेत. डोळे उघडले तर तू. केस पिकलेले, पण नाक ओढायची सवय तीच.

आठ दिवस तू त्या विषयावर चकार शब्द काढला नाहीस. सफरचंदं सोललीस, माझी नखं कापलीस, सर्जनला त्याच्या बुटांवरून बोललीस. मी वाट बघत होते. एकदा शिकलेली सवय सुटत नाही बघ, अजूनही मी वाटच बघत होते. नवव्या दिवशी, खिडकीकडे तोंड करून तू विचारलंस, "केबिनमधून बाहेर आली तेव्हा कशी दिसत होती गं आई?"

सव्वीस वर्षं हे माझ्याकडे होतं आणि मला माहीतच नव्हतं की ते तुझं आहे. मी सांगितलं. कपडे सारखे केले, माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "लाइन गेली वाटतं." मी मान वर न करता म्हटलं, "वेळ संपली." ती म्हणाली, "असू दे. मुख्य ते बोलून झालं होतं."

 तू खिडकीकडे बघतच म्हणालीस, "म्हणजे अर्धं नव्हतं राहिलं."

"नव्हतं."

"मलाही माहीत होतं ताई, आणि मी रविवारपासून मंगळवारपर्यंत काही केलं नाही. तुझ्यावर चिडणं सोपं होतं."

मी म्हटलं, "तू चिडलीस ते बरंच झालं. पण आता तूही दे. पहिली अडीच मिनिटं मी ऐकलेली नाहीत."

आणि तू सांगितलंस. मी ऐकलं ते तिनं दुसऱ्यांदा सांगितलेलं होतं. पहिल्यांदा सांगताना ती हसत होती. "मोठीला सांगितलं ना, तर आधी ती मला फाडून खाईल, मग डॉक्टरला. तो बिचारा नवीन आहे, त्याचं लग्नही व्हायचंय अजून." तू हुबेहूब तिच्या आवाजात म्हणालीस आणि मला हसू फुटलं. छाती उभी चिरलेल्या माणसानं हसायचं नसतं. हसू आलं तर उशी घट्ट छातीशी धरायची, असं त्यांनी शिकवलं होतं. मला उशी सापडेना. तू धावत येऊन दोन्ही हातांनी ती माझ्यावर दाबून धरलीस आणि ओरडलीस, "हसू नकोस, टाके जातील!" आणि स्वतःच हसत होतीस. मग कोण हसत होतं आणि कोण रडत होतं ते नर्सलाही कळेना. तिनं आपल्या दोघींचं ब्लडप्रेशर मोजलं.

आई माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून गप्प राहिली नाही. माझ्या जिभेला भ्यायली. हे पचायला जड आहे. सर्जनच्या कुठल्याच गोळीत त्याचा उतारा नाही. पण जे आहे ते खरं आहे, आणि इतक्या वर्षांच्या स्वतः रचलेल्या गोष्टीपेक्षा मला ते बरं वाटतं. प्रश्नावलीवालीला सांगितलं, तर म्हणाली, आता जीभ थोडी आवरा. मी म्हटलं, सदुसष्टाव्या वर्षी काय काय आवरू? पण प्रयत्न करते आहे. काल दूधवाल्याला नुसतं 'अहो' म्हटलं. तो घाबरला.

आज सकाळी एकटीच जिना चढून आले. सातव्या पायरीवर थांबावं लागलं. दुखलं नाही, पण छाती जड झाली, दोन मिनिटं कठड्याला धरून उभी होते, आणि भीती वाटली. उद्या डॉक्टरांना दाखवायला जाते आहे.

तू विचारलं नव्हतंस. तरी कळवते आहे.

– ताई